नागपुरात कुत्र्याचं ऑपरेशन: गोचीड, ऊन आणि गळ्यातला कोन

नसबंदी असो, अंगावरची गाठ काढायची असो की मोडलेल्या पायात रॉड टाकायचा असो, तारीख ठरली की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, "भूल सोसेल का त्याला?" प्रश्न रास्त आहे. पण मादीची साधी नसबंदी तासाभरात आटोपते. त्याआधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे चौदा दिवस कुत्रं डॉक्टरांकडे नसतं, तुमच्याकडे असतं, आणि बहुतेक घोटाळे याच दिवसांत होतात. त्यात आपल्या नागपूरच्या दोन गोष्टींची भर पडते. एक गोचीड, दुसरं ऊन. म्हणून सुरुवात गोचिडीपासून करतो.

आधी रक्त तपासा

"आमच्याकडे गोचीड नाहीच, औषध टाकलं होतं की मागच्या महिन्यात." दवाखान्यातल्या बाकावर हे वाक्य रोज ऐकू येतं. पण गोचीड अंगावर दिसत नाही, म्हणजे गोचीड ताप नाही, असं धरून चालू नका. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडीच्या चाव्यातून शिरला की एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रं सुस्त होतं, खाणं सोडतं. कधी हा ताप आपोआप उतरतो, कुत्रं पुन्हा खायला-खेळायला लागतं आणि घरचे विसरून जातात. आजार मात्र आत दबा धरून बसतो, काही कुत्र्यांत महिनोन्‌महिने. या काळात वरून काहीच दिसत नाही, पण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात. अशा कुत्र्याचं पोट उघडलं की रक्त थांबता थांबत नाही. बॅबेसिया हा गोचिडीचाच दुसरा जंतू. तो तांबड्या पेशी फोडतो, म्हणजे कुत्रं मुळातच रक्त कमी असताना टेबलावर जातं.

कुत्र्याच्या शरीरात एका किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलीटर रक्त असतं. दहा किलोच्या देशी कुत्र्यात सगळं मिळून एक लिटरही भरत नाही. आपल्याला किरकोळ वाटेल असा रक्तस्राव त्याला महागात पडतो.

म्हणून कोणत्याही ठरवून करायच्या ऑपरेशनच्या आठवडाभर आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घ्याच. त्यात प्लेटलेटचा आकडा बघा. निरोगी कुत्र्यात तो साधारण २ ते ५ लाखांच्या घरात असतो. मशीनने ४०-५० हजार दाखवले तर लगेच घाबरू नका. नमुना घेताना रक्त किंचित गोठलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन ते मोजत नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की खरं काय ते कळतं. रिपोर्टवर नुसता आकडा असेल तर "स्लाइड बघितली का?" हे विचारा. कारवानी, मुधोळ, पश्मी अशा शिकारी जातीच्या कुत्र्यांत प्लेटलेट थोड्या कमीच असतात, हे डॉक्टर लक्षात घेतात.

प्लेटलेट खरोखरच कमी निघाल्या तर ऑपरेशन पुढे ढकलायचं आणि गोचीड तापाचा उपचार आधी पुरा करायचा. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स सहसा २८ दिवसांचा असतो. इथे हमखास चूक होते: तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि गोळ्या बंद होतात. ताप उतरला, जंतू गेला नाही. ही गोळी उपाशीपोटी दिली तर उलटी होते, आणि दुधासोबत दिली तर नीट भिनत नाही. भात-चिकनच्या घासात द्या. कोर्स संपल्यावर पुन्हा सीबीसी करा, आणि मगच तारीख ठरवा.

सीबीसीच्याच सुईत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एएलटी (यकृतासाठी) आणि साखर बघून घ्या. भुलीची औषधं यकृत आणि मूत्रपिंड बाहेर टाकतात. सात वर्षांपुढच्या कुत्र्यात या तपासण्या टाळूच नयेत, आणि शक्य असेल तर छातीचा एक्स-रे आणि ईसीजीही करावा. डॉबरमन असेल तर रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असू शकतो, ते डॉक्टरांना आठवण करून विचारा.

आता गोचीड शोधायची कशी. पाठीवरून हात फिरवून "काही नाही" म्हणू नका. कुत्र्याला कुशीवर झोपवा, पायाचा पंजा हातात घ्या आणि बोटं एकेक करून फाकवा. गादीच्या मधल्या खाचेत, केसांच्या मुळाशी, तिळाएवढी तपकिरी पिल्लं चिकटलेली असतात. मग कान उलटा. कानाच्या आतल्या घड्या आणि बाहेरच्या कडेला जी चामडीची छोटी पिशवी असते तिथे बघा. शेपटीखाली, जांघेत, काखेत, पट्ट्याखाली बघा. रक्त पिऊन फुगलेली मादी राखाडी, वाटाण्याएवढी होते. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, बोटांनी चिरडायची नाही. रॉकेल, माचीसची काडी हे उपाय कुत्र्याची कातडी जाळतात. काढलेली गोचीड स्पिरिटच्या डबीत टाका.

ही मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, कूलरच्या स्टँडमागे काही हजार अंडी घालते. त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध देऊन भागत नाही. अफॉक्सोलॅनरची चघळायची गोळी महिनाभर काम करते, फ्लुरालॅनरची साधारण बारा आठवडे. वजनाच्या गटाप्रमाणेच घ्या, मोठी गोळी अर्धी करून दोन कुत्र्यांत वाटू नका. कुत्र्याला फिट येत असेल तर या गोळ्या देण्याआधी डॉक्टरांना सांगणं आवश्यक आहे.

डॉक्टर आणि दवाखाना

पशुवैद्यकाची पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., आणि शस्त्रक्रियेत पुढचं शिक्षण असेल तर एम.व्ही.एस्सी. सर्जरी. १९८४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे व्यवसाय करायला परिषदेकडे नोंदणी लागते. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद आपल्या नागपुरातच आहे. "मी पण इंजेक्शन देतो, ऑपरेशनही करून देतो" म्हणणाऱ्या, नोंदणी नसलेल्या माणसाच्या हातात कुत्रं देऊ नका. पेट शॉपच्या मागच्या खोलीत टाके घालून घेऊ नका.

शहरात खासगी क्लिनिक बरीच झाली आहेत. शिवाय सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. हे महाविद्यालय १९५८ पासूनचं, आता माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. तिथे सर्जरी, मेडिसिन, गायनॅक असे वेगवेगळे विभाग आहेत, त्यामुळे मोडलेलं हाड, अवघड बाळंतपण अशा केसेस इतर दवाखान्यांतून तिकडे पाठवल्या जातात. शिकाऊ विद्यार्थी आजूबाजूला असतात, गर्दी असते, एका दिवसात काम होईलच असं नाही. सकाळी लवकर जा, जुने कागद सोबत ठेवा, आणि पिल्लाचं लसीकरण पुरं झालं नसेल तर त्याला फरशीवर सोडू नका. पिल्लांना उलट्या-जुलाब करून जीवावर उठणारा पार्वोचा विषाणू फरशीवर दीर्घकाळ टिकतो. हे कोणत्याही दवाखान्यात लागू.

क्लिनिक निवडताना भिंतीच्या टाइल्सपेक्षा मी चार प्रश्नांच्या उत्तरांकडे बघतो. ऑपरेशन चालू असताना भुलीवर लक्ष ठेवायला दुसरं माणूस असतं का? श्वासनलिकेत नळी घालतात का, आणि ऑक्सिजन आहे का? जिभेला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आहे का? शुद्धीवर येईपर्यंत कुत्र्याजवळ कोण बसतं? यातलं शेवटचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. भुलीतले बरेच मृत्यू टेबलावर नाही, नंतरच्या पहिल्या तीन तासांत होतात, कारण तेव्हा सगळ्यांना वाटतं, झालं एकदाचं. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर नळी काढल्यानंतरच खरं सांभाळायचं असतं. त्यांचा टाळू मऊ आणि लांब असतो, अर्धवट शुद्धीत तो घशावर पडतो आणि श्वास अडतो. अशा कुत्र्याची नळी ते डोकं उचलून ती चावायला लागेपर्यंत काढू नये, असं जाणकार सांगतात.

कारवानी किंवा मुधोळ असेल तर आणखी एक गोष्ट. या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी. थायोपेंटोनसारखं जुनं भुलीचं औषध चरबीत साठतं आणि मग हळूहळू उतरतं. चरबीच नसेल तर ते रक्तात राहतं आणि कुत्रं तासन्‌तास उठत नाही. जात कोणती ते स्पष्ट सांगा, "देशीच आहे" म्हणून सोडून देऊ नका.

तारीख कोणती धरायची

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर मुळीच, तातडी नसलेलं ऑपरेशन धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुत्र्याला घाम जवळपास येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. भुलीची गुंगी असताना त्याला नीट धापाही टाकता येत नाहीत. पारा ४५ च्या वर असताना दुपारी दोन वाजता वर्धा रोडच्या सिग्नलवर अर्धवट शुद्धीतलं लॅब्राडोर मागच्या सीटवर पडलंय, ही वेळ उष्माघाताला आमंत्रण देणारी आहे. उन्हाळ्यात करावंच लागलं तर सकाळची पहिली वेळ मागा आणि कुत्र्याला संध्याकाळी ऊन उतरल्यावर घरी न्या.

पावसाळ्यात वेगळं दुखणं. माश्या. जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडू शकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सगळ्यात सोयीचा काळ. दिवाळीचा आठवडा मात्र सोडा, कारण फटाक्यांनी बिथरलेलं कुत्रं पलंगाखाली शिरताना ताजे टाके तोडतं.

मादी हीटवर, म्हणजे माजावर असताना नसबंदी करू नये. तेव्हा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. हीट संपल्यावर दोन-तीन महिने थांबलेलं बरं. किती वयात करायची हा वादाचा विषय आहे. पहिल्या-दुसऱ्या हीटआधी केली तर स्तनाच्या गाठींचा धोका कमी होतो. पण रॉटवायलर, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीत हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. आपल्या जातीचं, वजनाचं सांगून विचारा.

एका आजारात मात्र तारीख बघत बसायचं नाही. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं. नसबंदी न झालेली, मध्यम किंवा उतारवयातली मादी, हीट होऊन एक-दोन महिने झालेत, आणि ती अचानक पाण्याच्या भांड्यावर वाकून राहते. लघवी वाढते, खाणं सुटतं, उलट्या होतात. नागपुरात उन्हाळ्यात हे चिन्ह हमखास निसटतं, "गर्मी आहे, पाणी पिणारच" म्हणून. मोजून बघा. सकाळी मापाने पाणी भरा, चोवीस तासांनी उरलेलं मोजा, घरात दुसरं कुत्रं असेल तर भांडी वेगळी करा. एका किलोमागे दिवसाला १०० मिलिलीटरच्या वर, म्हणजे वीस किलोची मादी दोन लिटरच्या वर पाणी पीत असेल तर काहीतरी बिघडलं आहे. खालून पू येत असेल तर निदान लवकर होतं. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, पोट तेवढं ताणतं, आणि हा प्रकार जास्त घातक. सोनोग्राफीत अर्ध्या तासात कळतं. अशा वेळी मे असो की जून, सलाइन लावून त्याच दिवशी गर्भाशय काढावं लागतं. नुसत्या गोळ्यांवर आठवडा घालवला तर विष रक्तात पसरतं.

तसंच खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचं पोट अचानक ढोलासारखं फुगलं, ते ओकायला करतंय पण काही निघत नाही, लाळ गळतेय, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. घरी जिरं-ओव्याचं पाणी पाजत बसू नका. दवाखान्यात फोन करा आणि निघा.

आदली रात्र

मोठ्या कुत्र्याचं शेवटचं जेवण आदल्या रात्री आठ-नऊपर्यंत, तेही नेहमीपेक्षा कमी आणि बिनमसाल्याचं. पाणी सहसा भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. त्याची साखर उतरते, तिथे तीन-चार तास पुरतात. मधुमेह असलेल्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असलेल्या कुत्र्याच्या सकाळच्या डोसाचं डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनाने बंद करू नका.

उपाशी का ठेवायचं हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं, कारण उपास मोडणारा माणूस नेहमी प्रेमानेच मोडतो. आजी पहाटे उठतात, "बिचारं उपाशी आहे गं," म्हणून अर्धी पोळी देतात. भुलीच्या आधी देतात त्या झायलाझिनसारख्या इंजेक्शनने बऱ्याच कुत्र्यांना उलटी होते. पोटात अन्न असेल तर ते घशात येतं, गिळण्याची शुद्ध हरपलेली असते, आणि ते फुप्फुसात जातं. त्यातून होणारा न्यूमोनिया टाक्यांपेक्षा कितीतरी वाईट. रात्रीच खाण्याचं भांडं उचला, कचऱ्याचा डबा वर ठेवा, आणि सकाळी तर्री पोह्यांची पुडी टेबलाच्या कडेला ठेवू नका. (कांदा तसाही कुत्र्याला कधीच देऊ नये, त्याने तांबड्या पेशी फुटतात. सावजी रश्श्यात कांदाही असतो आणि तेलही, आणि त्यातली हाडं आतड्यात अडकतात ती वेगळीच.) आणि काही खाल्लंच असेल तर लपवू नका. सांगितलं तर तारीख एक दिवस पुढे जाते, एवढंच.

गेल्या महिनाभरात दिलेली सगळी औषधं कागदावर लिहून न्या. खाजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते तर सांगायलाच हवं. त्यावर मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक पडलं की जठरात अल्सर होऊन रक्त वाहू शकतं.

सकाळी दोघं जण जा. एक चालवेल, एक मागे कुत्र्याजवळ बसेल. आधी बाहेर फिरवून शी-शू करवा. गरीब कुत्र्यालाही तोंडाला जाळी न्या, दुखलं की कोणीही चावतं. दवाखान्यात वजन करून घ्या. "असेल तीस-बत्तीस" यावर भुलीचा डोस ठरता कामा नये.

घरी आणल्यावर

कुत्रं डोकं धरून बसतंय, हाक मारली की बघतंय आणि आधाराने चार पावलं टाकतंय, तेव्हाच घरी आणा. त्याआधी "घेऊन जा, झोपू द्या घरी" असं कोणी म्हणालं तर थांबण्याचा आग्रह धरा.

एक तपासणी घरातल्या मोठ्या माणसांनी आधीच शिकून ठेवावी. वरचा ओठ उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. निरोगी असताना दोन-चार वेळा करून बघा म्हणजे आपल्या कुत्र्याचा गुलाबी रंग ओळखीचा होतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात, त्यांची खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. ऑपरेशननंतर पहिल्या रात्री दर दोन तासांनी हे करा. हिरडी पांढुरकी, रंग परतायला उशीर, पोट फुगलेलं, कुत्रं सुस्त होत चाललेलं, असं दिसलं तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. सकाळची वाट बघू नका. रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर दवाखान्यातून निघतानाच घ्या.

थर्मामीटर वेगळा ठेवा, शेपटीखाली गुदद्वारात लावायचा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे सामान्य. भुलीनंतर काही तास अंग गार पडतं, कुत्रं थरथरतं, तेव्हा चादर पांघरा. १०३.५ च्या वर गेलं तर कळवा. इथे आपला कूलर गोंधळ घालतो. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात झोपवलं तर गुंगीतलं कुत्रं जास्तच गार पडतं, आणि जून-जुलैत त्याच कूलरने खोली दमट होऊन जखम ओली राहते. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी उघडी. एसी असेल तर २५-२६ वर. अंथरूण जमिनीवर, जाड आणि रोज धुतलेलं. पलंगावर नको, उतरताना उडी पडते.

शुद्ध पूर्ण आल्यावर आधी दोन-चार चमचे पाणी. उलटी नाही झाली तर थोडं थोडं वाढवा. चार-सहा तासांनी मऊ भात-चिकन, नेहमीच्या पाव किंवा अर्ध. एक-दोन दिवस खोकला येतो तो नळीमुळे. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालतं. लघवी मात्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत व्हायलाच हवी.

वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलंच द्या, जेवणानंतर, सांगितलं तितकंच. घरातली कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका. पातळ औषध असेल तर सिरिंजवर किती रेघेपर्यंत ओढायचं तिथे डॉक्टरांकडून पेनाने खूण करून घ्या. एकाच औषधाच्या दोन बाटल्यांची तीव्रता वेगळी असते, आणि मेडिकलवाल्याने दुसरी दिली की मिलिलीटर तेच राहून डोस दुप्पट-तिप्पट होतो. उलटी, काळी शी, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून फोन करा.

आता कोन, म्हणजे जखमेला तोंड लागू नये म्हणून गळ्यात घालायची नरसाळ्यासारखी कॉलर. "त्याला आवडत नाही, काढून टाकला" हे टाके उसवण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. लाळेत जखम भरण्याची काही जादू नाही. चाटून चाटून जीभ जखम घासते, पुढचे दात चिमट्यासारखे असतात, आणि पाच मिनिटांत ते आख्खी रांग उसवतं. कोन नाकाच्या टोकाच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे यायला हवा आणि गळ्याशी दोन बोटं जातील इतका सैल. आखूड असेल तर कुत्रं मान वळवून पोचतंच. पहिला दिवस ते दाराला धडकतं, मागे मागे चालतं. दुसऱ्या दिवशी सवय होते. भांडं विटेवर उंच ठेवा, म्हणजे कोनासकट खाता येतं. खाताना काढलाच तर नजर हलवू नका आणि लगेच परत घाला. टाके निघेपर्यंत, दहा ते चौदा दिवस, रात्रीसुद्धा.

जखम रोज उजेडात बघा, शक्यतो एकाच वेळी, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पहिले दोन दिवस कड किंचित लाल, थोडी सुजलेली, पाणीदार गुलाबी थेंब, हे चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्र्याला बरं वाटायला लागतं आणि हाच धोक्याचा दिवस. वरची कातडी जुळलेली दिसते, आतल्या स्नायूचे टाके अजून सगळा भार पेलत असतात. या दिवशी गच्चीवर बॉल टाकला की आतली शिवण सुटते. पाचव्या-सातव्या दिवशी खाज येते. शिवणीखाली दोरीसारखा कडक उंचवटा हाताला लागतो, तो भरत चाललेल्या जखमेचाच. मऊ, न दुखणारी, पाण्याच्या फुग्यासारखी गाठ बहुतेक वेळा साचलेल्या पाण्याची असते. घरी सुई टोचू नका, जंतू आत जातील. गरम, दुखरी, वास येणारी, पिवळा पू असलेली जखम त्याच दिवशी दाखवा. टाक्यांतून चरबीसारखं किंवा आतड्यासारखं काही डोकावलं तर स्वच्छ ओलं कापड लावा, आत ढकलू नका, थेट निघा.

हळद, खोबरेल, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही लावू नका. हळदीचा थर बसला की खालची लाली दिसत नाही, तेलाला धूळ आणि केस चिकटतात, बाकीचे दोन कोवळ्या पेशी जाळतात. कोरडी आणि स्वच्छ एवढंच जखमेला लागतं. पावसाळ्यात माश्यांसाठी कोणता स्प्रे मारायचा ते डॉक्टर सांगतील, तो जखमेच्या भोवती आणि डोळे-तोंड वाचवून. टर्पेंटाइन जखमेत ओतण्याची जुनी रीत सोडून द्या. अळ्या मरतात, सोबत मांसही जळतं.

दहा-बारा दिवस फिरणं फक्त शी-शूपुरतं, आखूड साखळीत. जिने उचलून. आंघोळ नाही. हाडात प्लेट किंवा रॉड असेल तर हेच सहा ते आठ आठवडे, आणि मधे एक्स-रे. नराची नसबंदी झाली असेल तर पिशवी दोन-तीन दिवस थोडी सुजते. आणि काही आठवडे त्याच्या नळीत शुक्राणू उरलेले असतात, त्यामुळे हीटवरच्या मादीपासून त्याला लांबच ठेवा.

गाठ काढली असेल तर ती तशीच टाकू देऊ नका. १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवा. अरुंद बाटलीत कोंबलेली गाठ आकसून कडक होते आणि मग निघत नाही. नुसत्या डोळ्याने साधी चरबीची गाठ आणि मास्ट सेल ट्यूमर ही कर्करोगाची गाठ यातला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही, आणि पुढचा सगळा उपचार त्यावर ठरतो. मात्र जननेंद्रियावरची, फुलकोबीसारखी, रक्त येणारी गाठ दिसली तर आधी सुरीचा विचार नको. ती बहुतेक वेळा संसर्गाने पसरणारी असते आणि आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनच्या काही इंजेक्शनांनी विरघळते.

टाके काढायला जाल त्या दिवशी पुन्हा वजन करा आणि फाइलवर लिहून घ्या. नसबंदीनंतर कुत्र्याला साधारण पाव भाग कमी अन्न पुरतं, भूक मात्र वाढते. तेव्हापासून वाटी मोजून भरा, आणि गोचिडीच्या पुढच्या गोळीची तारीख त्याच पानावर टाका.